केसभरही वर नाही

३ फेब्रुवारी
वर्कशॉपमधून

ताई,

या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी लिहितो, कारण तुझ्या धाकट्याने विचारलंय. वर्कशॉपचं सरकतं दार, रुळासकट. कामाचं टेबल, ज्यावर गोटी ठेवली तर जागची हलत नाही. गिअरबॉक्स उतरवायची चार चाकांची घोडी, हाताने फिरवायच्या स्क्रूवर खालीवर होणारी. क्लचची स्प्रिंग दाबायचं यंत्र, तेही एका मोडक्या शिलाई मशिनच्या पायापासून. वर्कशॉपचा कोबा, मी आणि तुझी भावजय दोघांनी मिळून घातलेला. सोळा वर्षांत एक तडा नाही, आणि धुतला की पाच मिनिटांत कोरडा. घरातली तीन कपाटं. आणि तुझ्या गाडीची तेल मोजायची पट्टी, ज्याला बाकीचे डिपस्टिक म्हणतात: स्प्रिंगच्या पोलादाची, मूठ वळवलेली, तेलाची खूण पंचने ठोकलेली. रंगाने काढलेली नव्हे. रंग जातो.

प्रमाणपत्र या यादीत नाही, कारण ते मला करता आलं नाही. 'मामाकडे कागद कुठला आहे?' हे त्याने विचारलं आणि तू मला जसंच्या तसं लिहून कळवलंस, याचा मला राग नाही. तू कायम जसंच्या तसंच लिहितेस. तुझी भावजय मात्र म्हणाली की यांच्या यादीत एकदा तरी स्वतः केलेला चहा येऊ दे.

आता गाडीचं. तू लिहितेस की पाण्याच्या टाकीच्या चढणीवर थांबून पुन्हा निघताना इंजिन ओरडतं आणि गाडी तीन-चार सेकंद तशीच उभी राहते, मग हिसका देऊन निघते. सपाट रस्त्यावर काही नाही. हे डिसेंबरपासून, म्हणजे माझ्या सांगण्यावरून तू कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून घेतलंस तेव्हापासून. गाडी बावीस वर्षांची आहे. मी ती तुझ्यासाठी शोधली तेव्हा तेरा वर्षांची होती, मूळची पट्टी हरवलेली होती, पण क्लचचं पेडल नव्हतं आणि तुझ्या डाव्या पायाला तेच हवं होतं. नऊ वर्षं तिने तुला दगा दिला नाही. आता देत असेल तर कारण आहे, आणि कारण असेल तर सापडतं.

फोन करू नकोस. फोनवर माणूस 'थोडंसं', 'बरंचसं' असं बोलतो. कागदावर आकडा लिहावा लागतो.

एक: अर्धा तास चालवून गाडी सपाट जागी उभी कर, इंजिन चालू, दांडा पार्कमध्ये. पट्टी पूस, पुन्हा घाल, काढ. तेल खुणेला आहे का? दोन: पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब टाक. रंग लिही, वास लिही. तीन: दांडा न्यूट्रलमधून ड्राइव्हला टाकल्यावर गाडीला तो बारीक धक्का किती सेकंदांनी बसतो? सपाटीवर मोज आणि चढावर मोज.

तुझा
खटपट्या


१० फेब्रुवारी

खटपट्या,

पत्र आलं त्याच दिवशी मोजलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं.

एक: तेल बरोबर खुणेला आहे. तुझा हुकूम होता ना, 'खुणेला, केसभरही वर नाही', तसंच मी मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहून भरून घेतलं होतं. दोन: रंग लाल, आरपार दिसणारा. वास तेलाचाच, जळका नाही. थेंब कागदावर टाकून बारा तासांनी पाहिला, कडेला काळी रेघ नाही. तीन: सपाटीवर सव्वा सेकंद, पाच वेळा मोजलं, पाचही वेळा तेच. चढावर दोन वेळा तीन सेकंद, एकदा चार, एकदा साडेचार. शिवाय चढावर बॉनेटखालून एक बारीक कुई ऐकू येते, सपाटीवर येत नाही. तू विचारलं नव्हतंस, पण लिहून ठेवते.

तू काय काय केलंस ते धाकट्याला वाचून दाखवलं. स्प्रिंग दाबायच्या यंत्रापाशी त्याने मला थांबवलं. मग म्हणाला, 'आई, मामा हुशार आहे हे मी नाही कुठे म्हणतो? मी म्हणतोय गाडी म्हातारी आहे.' त्याने एक गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे. पोराला माझी काळजी आहे, तेवढंच. चढणीवर मागून ट्रक येतो, त्याला भीती वाटते.

पण तुला माझं ठाऊक आहे. तेहतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आमच्या साहेबांनी मला नमुने गोळा करायचं काम दिलं: सकाळी सात टाक्यांवर जायचं, बाटल्या भरायच्या आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायच्या. सातातल्या चार टाक्या टेकाडावर आहेत. टाक्या उंचावरच बांधतात, त्याला काय करणार? मार्चच्या वीस तारखेला साहेब पुढच्या तीन वर्षांचं काम कुणाला द्यायचं ते ठरवणार आहेत. दुसऱ्या माणसाकडे नवी गाडी आहे. माझ्याकडे ही आहे आणि तू आहेस.

हे काम गेलं तर घरात बसेन. घरात बसलेली मी कशी असते ते धाकट्याने पाहिलेलं नाही. पायाचं ऑपरेशन झालं ते वर्ष तू पाहिलं आहेस.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

तुझा कागद मी वर्कशॉपमध्ये भिंतीला लावला. दोघे जण वाचून गेले. माझ्याकडे पंचवीस वर्षं गाड्या येतात; गिऱ्हाईक सांगतं, 'आवाज येतोय बघा काहीतरी.' थेंब बारा तास ठेवून कडेची रेघ पाहणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तू माझ्या धंद्यात आली असतीस तर मी पाणी तपासत बसलो असतो.

तुझ्या आकड्यांवरून निदान सांगतो. तेल जळकं नाही, म्हणजे आतल्या क्लचच्या प्लेटी शाबूत आहेत. नवा गिअरबॉक्स लागेल असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठव. सपाटीवर ठीक, चढावर उशीर आणि कुई, याचा अर्थ तेल ओढणारा पंप चढावर तेलाबरोबर हवा ओढतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लच दाबायचं काम तेलाचा दाब करतो. तेलात हवा शिरली की दाब लुळा पडतो. इंजिन ओरडतं आणि गाडी ऐकत नाही.

हवा कुठून? तेल खुणेला आहे असं तू म्हणतेस, आणि तू म्हणतेस म्हणजे आहे. राहिला फिल्टर. तुझ्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने फिल्टर बसवताना त्याचं रबर दुमडलं असणार. ही माणसं हाताला येईल तसं दामटतात. तळाचं पॅन पुन्हा उघडून घे, तुझ्या डोळ्यांसमोर. रबर बसवून पुन्हा भर. खुणेला. केसभरही वर नाही.

एक बातमी. सुट्या भागांचे शेठ परवा आले होते. तुझ्या गाडीसारख्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ फिरतात, त्यांच्या पट्ट्या हरवल्यात आणि कारखान्यात आता बनत नाहीत. इतक्या वर्षांत मी तुझ्याखेरीज अकरा जणांना करून दिल्या, त्यातली एक यांनी कुठेतरी पाहिली. चारशे हव्यात म्हणाले. प्रत्येक पट्टीवर माझा शिक्का. धाकट्याला सांग, मामाला प्रमाणपत्र मिळतंय, चारशे प्रती.

खटपट्या


२७ फेब्रुवारी

खटपट्या,

पॅन उघडलं. मी खुर्ची टाकून समोर बसले. रबर नीट बसलेलं होतं, दुमड कुठेच नाही. मेकॅनिकने ते मला हातात दिलं, आरशासारखं स्वच्छ. त्याच्यावर तू आळ घेतलास तो मी त्याला सांगितला नाही. तरी सगळं पुन्हा बसवलं आणि खुणेपर्यंत भरलं.

भरताना तो म्हणाला, 'बाई, अर्धा लिटर जास्त घालून बघू या का? मला तेल कमी वाटतंय.' मी त्याला चांगलंच सुनावलं. म्हटलं, ही पट्टी माझ्या भावाने केली आहे, तुझ्या वाटण्याने चालणार नाही. तो बिचारा हात पुसून पुन्हा कामाला लागला.

काल चौथ्या टाकीच्या चढावर गाडी नऊ सेकंद उभी राहिली. मागे सरकली. हाताने ब्रेक ओढला तोवर मागच्या ट्रकचा भोंगा कानात बसला होता. उतरून दोन दगड चाकाखाली घातले, दहा मिनिटं थांबले आणि मग निघाले. बाटल्या सहा तास बारा मिनिटांनी पोहोचल्या. त्या सगळ्या बाद झाल्या. साहेबांनी आवाज चढवला नाही. नुसते म्हणाले, 'ताई, वीस तारीख लक्षात आहे ना?' आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर धाकट्याने ट्रकचं विचारलं नाही. त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

आणखी एक लिहायचं होतं, पण पुन्हा मोजल्याशिवाय लिहीत नाही.

ताई


४ मार्च

ताई,

पत्र तीनदा वाचलं. नऊ सेकंद, आणि मागे सरकली. तुझी भावजय म्हणते मी झोपेत 'दगड, दगड' म्हणत होतो.

रबर नीट आहे, तेल खुणेला आहे, तर मग पंपच झिजला. याला दुसरा रस्ता मला दिसत नाही. आता सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि ते काम मी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. गाडी ट्रकवर चढवून इकडे पाठव. पंप मिळायला महिना, बसवून पारखायला दोन आठवडे. वीस तारीख त्यात बसत नाही हे मला कळतं.

साहेबांना माझ्या नावाने पत्र लिहू का? लिहू का म्हणजे लिहिलंच आहे, पण टाकलं नाही. कागद नसलेल्या माणसाच्या कागदाला ते काय किंमत देणार?

शेठचं काम सुरू केलं. एकशे साठ पट्ट्या कापल्या, खुणा ठोकल्या, पोलाद तापवून कडक केलं. एकसारख्या. ओळीने टांगल्यात. एरवी त्यांच्याकडे बघून दिवस गेला असता. आज बघवत नाही.

गाडी कधी चढवतेस ते कळव.

खटपट्या


१० मार्च

खटपट्या,

गाडी चढवलेली नाही. रागावू नकोस, आधी हे वाच.

मला गिअरबॉक्स कळत नाही. बरणीतलं द्रव कुठवर आहे ते मला कळतं, तेहतीस वर्षं तेवढंच केलं. तू मला ही गाडी दिलीस तेव्हा म्हणाला होतास की महिन्यातून एकदा तेल बघत जा. मी बघत आले आणि वहीत लिहीत आले. जागा नेहमी एकच: प्रयोगशाळेच्या मागे ट्रक तोलायचा काटा आहे, त्याचा ओटा दर वर्षी पातळी लावून सपाट करतात. गाडी तापलेली, इंजिन चालू, दांडा पार्कमध्ये. नऊ वर्षांच्या एकशे पाच नोंदी आहेत. त्या सगळ्यांत तेल तुझ्या खुणेच्या वर सात मिलिमीटर आहे. कधी सहा, कधी आठ, शून्य एकदाही नाही. पहिल्या वर्षी तुला लिहिलं होतं की तेल खुणेच्या जरा वर दिसतं. तू लिहिलंस, 'जरा म्हणजे किती? नीट बघ.' मला वाटलं माझंच पाहायला चुकतंय. म्हणून पुढे मिलिमीटरची फूटपट्टी घेऊन गेले आणि वहीत लिहीत राहिले. तुला पुन्हा कळवलं नाही.

डिसेंबरात तेल बदलल्यापासून त्याच काट्यावर चार नोंदी आहेत. चारही शून्य, खुणेला, केसभरही वर नाही.

आता तू एक काम कर. तुझ्या वर्कशॉपमध्ये, जिथे गाडी उभी करून तू ही पट्टी केलीस, तिथे मगभर पाणी ओत. ते कुठे जातं ते मला कळव.

ताई


१५ मार्च

ताई,

पाणी ओतलं. ते दाराकडे गेलं.

ते दाराकडेच जाणार होतं. सोळा वर्षांपूर्वी कोबा घालताना मीच त्याला उतार दिला, दोरी लावून, मोजून, चाळीसला एक, म्हणजे धुतला की पाणी दाराजवळच्या नालीत जाईल. तुला पहिल्याच पत्रात फुशारकीने लिहिलं होतं, पाच मिनिटांत कोरडा होतो म्हणून. रोज त्या उतारावर उभा असतो आणि लोकांना सांगतो, गाडी सपाट जागी लावा.

काय झालं ते नीट लिहितो, मेकॅनिकलाही वाचून दाखव. नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्या गिअरबॉक्समध्ये तेल मापाच्या डब्याने भरलं, जेवढं हवं तेवढं, बरोबर. मग गाडी इथे नाकाने आत उभी होती, नाक वर, शेपूट दाराकडे खाली. आतलं तेल मागे सरकलं. तुझ्या गाडीत पट्टी पॅनच्या पुढच्या टोकाला उतरते. तिथे तेल कमी दिसलं आणि तिथेच मी खूण ठोकली. हिशेब आत्ता केला: पट्टी पॅनच्या मध्यापासून वीस सेंटिमीटर पुढे, चाळीसला एक म्हणजे पाच मिलिमीटर, आणि पट्टी तिरकी जाते म्हणून तिच्यावर सात. तुझ्या वहीतलाच आकडा. सहा नाही, आठ नाही.

नऊ वर्षं तेल पुरतं होतं, कारण ते मापाने भरलेलं होतं. डिसेंबरात तू ते माझ्या खुणेने भरलंस आणि अर्ध्या लिटरहून जास्त कमी पडलं. चढावर तेल मागे जातं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि तो हवा ओढतो. पंप धडधाकट आहे. कुणी ढिसाळ माणूस असता तर त्याने चार बोटं जास्त ओतलं असतं आणि गाडी सुरळीत चालली असती. आपण दोघांनी केसभरही वर जाऊ दिलं नाही.

मेकॅनिकचा अंदाज बरोबर होता. अर्धा लिटर म्हणाला होता ना तो? त्याने नुसत्या हाताने ओळखलं. माझ्या वतीने त्याची माफी माग. नको, मीच वेगळं पत्र लिहितो.

आता काट्यावर जा. गाडी तापव, इंजिन चालू, पार्क. खुणेच्या वर सात मिलिमीटरपर्यंत भर. एका वेळी पेलाभर, मग थांबून मोज. मग चढणीवर जा. धाकट्याला बरोबर ने.

मला पत्र लिहिताना तू 'चूक' हा शब्द वापरला नाहीस. नुसतं पाणी ओतायला सांगितलंस. माझ्याकडे कुणी शिकायला आलं तर मी त्याला हे पत्र पाठ करायला लावीन.

खटपट्या


२३ मार्च

खटपट्या,

एकोणीस तारखेला काट्यावर भरलं. चार पेले बसले, सहाशे दहा मिलिलिटर. आमच्या प्रयोगशाळेतल्या नळीने मोजून घातले, मेकॅनिक हसत होता. त्याला तुझं पत्र आदल्याच दिवशी मिळालं होतं. ते त्याने वरच्या खिशात ठेवलंय आणि गिऱ्हाइकांना दाखवतो. 'बाई, तुमचे भाऊ मोठे आहेत,' म्हणाला. मी म्हटलं, दोन वर्षांनी लहान आहेत.

चौथ्या टाकीचा चढ. धाकटा शेजारी, हातात घड्याळ. मी मुद्दाम अर्ध्यात थांबले. न्यूट्रल, ड्राइव्ह. सव्वा सेकंद. कुई नाही. पुन्हा थांबले, पुन्हा सव्वा. सातव्यांदा थांबले तेव्हा धाकटा म्हणाला, 'आई पुरे, मला घड्याळ दिसेनासं झालंय.' डोळे भरले होते त्याचे. मी पाहिलं नाही असं केलं. त्याने गिऱ्हाइकाला त्याच संध्याकाळी नाही सांगितलं.

वीस तारखेला सातही टाक्या चार तास पन्नास मिनिटांत. साहेबांनी तीन वर्षांचं काम दिलं. कागदावर सही करताना विचारत होते, गाडीचं काय निघालं? मी म्हटलं, पातळी. ते म्हणाले, 'मग तुम्हाला कळायला इतका वेळ का लागला?'

त्याचं उत्तर त्यांना दिलं नाही, तुला देते. मला पॅन उघडलं त्या दिवशीच कळलं होतं. मेकॅनिक 'कमी वाटतंय' म्हणाला आणि घरी येऊन मी वही उघडली. सगळं समोर होतं. तरी पेन उचलेना. बापाविना वाढलेला मुलगा, दुसऱ्याच्या गॅरेजात झाडू मारत मारत गिअरबॉक्स शिकला, आणि ती पट्टी त्याने मला दिली तेव्हा त्याचं तोंड कसं दिसत होतं ते मी पाहिलं होतं. तिच्यात चूक आहे हे मी लिहायचं? म्हणून तुझी वाट पाहिली, तुलाच सापडेल म्हणून. नऊ सेकंदांनंतरही पाहिली. आणि तू गिअरबॉक्स उतरवायला निघालास. तेव्हा मात्र लिहिलं.

जसंच्या तसं लिहिते असं तू म्हणतोस. ते खरं नाही.

शेठच्या पट्ट्यांचं काय केलंस?

ताई


३ एप्रिल

ताई,

नवी पट्टी सोबत आहे. जुनी परत पाठव. फेकू नकोस आणि जपूनही ठेवू नकोस. ती मी दाराशी टांगणार आहे, नालीच्या बरोबर वर.

नवी कशी केली ते सांगतो. आमच्या इथल्या धान्याच्या गोदामातही ट्रकचा काटा आहे. तिथल्या तोलणाऱ्याला विनवून तशीच एक जुनी गाडी रविवारी त्यावर उभी केली, गिअरबॉक्स रिकामा करून मापाच्या डब्याने भरला, तापवला आणि खूण तिथे ठोकली. तुझी भावजय पातळीची नळी धरून उभी होती. 'सोळा वर्षांपूर्वी कोब्याच्या वेळी पण मीच दोरी धरली होती, ते यादीत घालाल का?' असं विचारत होती. घातलं.

आधीच्या अकरा पट्ट्या ज्यांना दिल्या त्या अकराही जणांना पत्रं टाकली. सगळ्यांना एकच मजकूर: खूण सात मिलिमीटर खाली आहे, चूक माझी आहे, नवी पट्टी फुकट. नऊ जणांची उत्तरं आली. आठ जणांनी लिहिलं की आम्ही खूण कधी बघितलीच नाही, वाटलं तेवढं ओतलं. नवव्याने लिहिलं की चढावर गाडी ओरडते, बरं झालं सांगितलंत. त्याची नवी पट्टी मी त्याच दिवशी पोस्टात टाकली.

तू गप्प राहिलीस त्याबद्दल काही लिहीत नाही. माझ्या तोंडाकडे बघून तू चाकाखाली दगड घातलेस. एवढं मात्र कबूल कर की पुढच्या वेळी असं करणार नाहीस. माझं तोंड तेवढं नाजूक नाही. होतं, आता नाही.

शेठ परवा आले. एकशे साठ पट्ट्या ओळीने टांगलेल्या बघून खूष झाले. मी त्यांना सगळं सांगितलं, मगभर पाण्यापासून. म्हटलं, या टाकाऊ आहेत. कडक झालेलं पोलाद आहे, दुसरी खूण ठोकली तर तडकेल, आणि दोन खुणांची पट्टी कुणी घ्यायची नाही. दोन महिने द्या, चारशेच्या चारशे नव्याने करतो. ते म्हणाले की माल पंधरा दिवसांत द्यायचा शब्द दिलाय, बाकीच्या दोनशे चाळीसही याच मापाने उरकून टाका, भाव ठरलाय तोच, सगळी रक्कम आजच. मी नाही म्हणालो. ते पिशवी उघडून बसले, चहा झाला, पुन्हा तेच. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

'सात मिलिमीटर कोण बघतंय, मास्तर?'

मी म्हटलं, 'माझी ताई बघते.'

ते समजले नाहीत. पिशवी बंद करून उठले आणि गेले. मी पट्ट्या उतरवल्या, एकेक वाकवून भंगाराच्या पिंपात टाकल्या, एकशे साठही. धाकट्याला सांग, मामाच्या प्रमाणपत्राचं काय झालं असं कुणी विचारलं तर आकडा आहे: चारशे पट्ट्या, नगाला बाराशे, चार लाख ऐंशी हजार, रोख. घेतले नाहीत.

खटपट्या